अबुधाबीतले दोन किनव्हार्डी

फुजैरा

चि. पर्णिकास अनेक आशीर्वाद.

तुझ्या लग्नाला मी आलो नाही, कारण कॅलमच्या घराण्याची चौकशी पुरी झाली नव्हती. आपल्याकडे स्थळ आलं की गावी माणूस पाठवतात. स्कॉटलंडला कोणाला पाठवणार? म्हणून इथल्या तेलाच्या टर्मिनलवरची ड्यूटी सांभाळून मी तिकडच्या जुन्या जनगणना वाचायला शिकलो. कॉलेजचं तोंड न बघता, हे लक्षात घे.

१८८१ साली कॅलमच्या, म्हणजे किनव्हार्डी, आडनावाची त्रेसष्ट माणसं होती, त्यातली एकावन्न एकाच कोळ्यांच्या गावात. आज स्कॉटलंडमध्ये एकोणतीस, कॅनडात चौतीस. नकाशावर प्रत्येकाला लाल ठिपका दिलाय. खोट सापडली नाही. खरं सांगायचं तर, ती सापडावी म्हणूनच शोधत होतो.

परवा तुझी आई म्हणाली, "दीडशे वर्षांपूर्वीची माणसं पाठ झाली तुम्हाला! जिवंत जावयाशी एकदा तरी बोललात? आता खलास करा हे."

मग मी अबुधाबीवर कॅलमचा ठिपका दिला. शेजारी तुमच्या महिन्याच्या लेकीचा. तिचं नाव मला आईच्या फोनमध्ये चोरून वाचावं लागलं. तू आपलं आडनाव बदललं नाहीस, म्हणून तुझ्यासाठी निळं पेन आणलं.

नकाशा पाकिटात मावत नाही आणि घडी मी घालणार नाही. तेव्हा सध्या नुसतं हे पत्र ठेव. शनिवारी नकाशा घेऊन अल रीमला तुमच्या घरी मीच येतो. कॅलमचे आजोबा कुठल्या गावचे, ते कुठल्याच कागदात नाही. तेवढं त्यालाच विचारायचंय.

तुझा,
बाबा