डागमावशी अजून उत्तरं देते

प्रिय ठमे,

फोन केला असता, पण फोनवर मी 'जेवलीस का' आणि 'थंडी आहे का' याच्या पुढे जात नाही, हे तुला माहीत आहे. शिवाय जे सांगायचंय ते मलाच धड कळलेलं नाही. न कळलेली गोष्ट तोंडाने सांगायला गेलो की मी चिडतो, मग तू चिडतेस, आणि फोन ठेवल्यावर दोघंही विचार करत बसतो की भांडण नक्की कशावरून झालं. म्हणून लिहितोय. दुपारी दुकानात कोणी फिरकत नाही. मोठं मशीन पुन्हा गळायला लागलंय, त्याच्याखाली बादली लावून काउंटरवर बसलोय.

शेजारचं चपलांचं दुकान गेलं आणि तिथे बेकरी आली, हे मी बोललो होतो बहुतेक. बेकरीवाल्या बाई फार बोलक्या आहेत. त्या इथे आल्या तोवर तुझी आई गेलेली होती, त्यामुळे त्यांनी तिला कधी पाहिलेलं नाही. गेल्या महिन्यात एक दिवस त्या सकाळीच दुकानात आल्या. डोळे लाल, आवाज पार बसलेला. म्हणाल्या, काका, तुमच्या बायकोच्या नादाने मी मेलेच असते की हो. मला वाटलं, बाई तापात बरळतायत. मग त्यांनी बसून सगळं सांगितलं. त्यांच्या ॲप्रनवर तुपाचे पिवळे डाग पडले होते. फोनवर उपाय शोधला तर पहिल्यांदा वर आली ती डागमावशी. खाली आपल्या लाँड्रीचं नाव, बाजूला तुझ्या आईचा फोटो. तोच, चष्मा डोक्यावर ढकललेला. शेजारच्याच दुकानातली बाई म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. मावशीने सांगितलं होतं, गरम पाण्यात ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र घाला, ॲप्रन बुडवा आणि न्हाणीघराचं दार लावून घ्या, म्हणजे वाफ आतच राहील. बाईंनी तसंच केलं. नवऱ्याने खोकला ऐकून दार ढकललं म्हणून वाचल्या, दोन दिवस दवाखान्यात होत्या. मी म्हटलं, अहो, या दोन गोष्टी एकत्र केल्या की विषारी वायू होतो, ती असलं कसं सांगेल? आणि ती जाऊन दोन वर्षं झाली. बाईंनी फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, मग हे चार दिवसांपूर्वी कोणी लिहिलं?

मी त्यांना पाणी दिलं आणि त्यांचे ॲप्रन फुकट धुऊन दिले. दुसरं काय करणार होतो?

तुला इंटरनेटवरचा तो गप्पांचा कट्टा आठवत असेल. तू आठवीत होतीस. आईला तिथे खातं तूच उघडून दिलंस, डागमावशी हे नावही तूच ठेवलंस. ती एका बोटाने टाइप करायची, आणि एकेक अक्षर सापडलं की असं काही हसायची, जणू हरवलेलं बटण मिळालंय. कपडे, धागे, डाग, शिलाई, एवढाच त्या कट्ट्याचा विषय. पण काय माणसं होती तिथे! एकमेकांची तोंडं कधी पाहिली नव्हती, तरी कुणाच्या सासूचं ऑपरेशन आहे, कुणाच्या मुलाला शाईची बाटली दिसली की काय होतं, सगळं ठाऊक. तुझी आई एखादा उपाय सांगण्याआधी माझ्या सदऱ्यावर करून बघायची. माझ्या तीन चांगल्या सदऱ्यांची तिने लोकांच्या डागांपायी वाट लावली. मी ओरडलो की म्हणायची, समाजकार्य आहे, घरातून एक सदरा गेला तर काय बिघडलं. आणि तो बोका! हॉटेलच्या धुलाईखात्यातला माणूस, नावच बोका घेतलेलं. वाइन सांडली की वर मीठ टाकावं की नाही, यावर आई आणि तो सलग कित्येक वर्षं भांडले. तो म्हणायचा टाका, आई म्हणायची टाकू नका. दोघांनी एक पाऊल मागे घेतलं नाही. पण तिच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं तेव्हा पट्टा कुठला घ्यावा हे पानभर लिहून पाठवलं ते त्यानेच.

मग कट्टा कुणीतरी विकत घेतला. सुरुवातीला नुसत्या जाहिराती आल्या, त्या चालल्या. नंतर मात्र तिथली हवाच बदलली. कुणी बिचारीने विचारावं, साडीवर तेल सांडलंय, काय करू, तर खाली कुणीतरी लिहायचं, आधी मनावरचे डाग काढा. दुसरा तिला शिव्या द्यायचा. तिसरा त्याच उत्तरात घर विकायचं आहे म्हणून फोटो टाकायचा. नाचणारी पोरं, रडणारी मांजरं, एकच चित्र चाळीस वेळा. उचलली जीभ लावली टाळ्याला. जुनी माणसं एकेक करून गप्प झाली. तुझी आई तेवढी चिकटून राहिली. मी म्हणायचो, कशाला त्या बाजारात बसतेस? ती म्हणायची, बाजार असला म्हणून काय, एखादीचा डाग खरा असतो. दवाखान्यातही उशीला टेकून उत्तरं द्यायची. ती गेल्यावर मी तिकडे पाहिलं नाही. तिथे कळवायचंही सुचलं नाही. कळवायला तिथे उरलंय कोण, असं वाटलं.

बेकरीवाल्या बाई गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि वाचत बसलो. ठमे, ती रोज लिहितेय गं! कुणी काहीही विचारो, 'अरे वा, किती छान प्रश्न!' करून सुरुवात, मग एक हसरा चेहरा, मग पाच पायऱ्या. तुझ्या आईने आयुष्यात कुणाला 'किती छान प्रश्न' म्हटलं असेल तर मी मिशा काढून देतो. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: गरम पाणी टाकलंत ना? कोणी सांगितलं होतं? मी बोक्याला निरोप पाठवला, माझा नंबर दिला. त्याचा लगेच फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा निघाला, मला उगीच तरणाबांड वाटायचा. तो म्हणाला, कित्येक दिवस मी मावशींशी बोलत होतो, जरा गोड बोलायला लागल्यात असं वाटायचं, म्हटलं वय झालं. मग एकदा मुद्दाम मिठावरून डिवचलं. तर त्यांनी लिहिलं, तुमचं अगदी बरोबर आहे, माझी चूक झाली. तेव्हाच मला संशय आला, म्हणाला. मावशी असत्या तर मेल्या तरी हे बोलल्या नसत्या. आणि बोलता बोलता तो थांबला. मग मी सांगितलं, ती दोन वर्षांपूर्वीच गेली.

त्या कंपनीला मी तक्रार लिहिली. उत्तर आलं, लगेच. इतकं लगेच की मी कपड्याची घडी घालून होईपर्यंत आलं. लिहिलं होतं, तुमच्या भावना आम्ही समजतो, खातं बंद करायचं तर खातेधारकाने स्वतः विनंती करावी. मी पुन्हा लिहिलं, खातेधारक वारली आहे, तीच तर तक्रार आहे. पुन्हा तेच उत्तर, भावना समजतो म्हणून. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी बोक्याच्या सुनेने कुठून तरी कंपनीतल्या एका खऱ्या माणसाचा पत्ता काढला. तो मुलगा सभ्य वाटला. त्याने सांगितलं की जुन्या लोकप्रिय नावांनी आता यंत्रच उत्तरं लिहितं, त्या लोकांचं जुनं लिखाण वाचून. खातं बंद करता येईल. पण मग सगळंच जाईल, यंत्राचंही आणि तिचंही. तिचं तेवढं ठेवा म्हटलं तर म्हणाला, काका, तसं वेगळं नाही करता येत. घरच्यांनी मिळून कळवा.

आता गंमत बघ. इतका संताप होता माझ्या मनात, तर मी तिथे परत जायला नको होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. तिसऱ्या दिवशीही. का, ते विचारू नकोस. त्या सगळ्या गोडगोड कचऱ्यात मधेच एखादं वाक्य येतं ना, ते तिचं असतं. 'जीव खाऊन घासू नका, कापड आहे ते, पाप नाही.' हे तिचंच आहे, मी तिच्या तोंडून हजारदा ऐकलंय. चोरीचाच माल, पण ओळखीचा. एकदा तर मीही विचारलं. लिहिलं, दुकानातलं मोठं मशीन गळतंय. तिने सांगितलं, दाराचं रबर काढून बघा, आणि शेवटी लिहिलं, दमू नका हं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मग शटरच्या फटीतून बेकरीवाल्या बाई दिसल्या, अजून खोकत होत्या, आणि मला माझीच लाज वाटली. राग नक्की कुणावर करायचा, तेच मला समजत नाही. यंत्राला काय कळतं? कंपनीला तोंड नाही. लोक म्हणावे तर ते बिचारे डाग घेऊन येतात. आणि मी? मी कुणाशी बोलत होतो? रबर मात्र खरंच फाटलेलं निघालं.

एवढं करून मी ठरवलंय, खातं बंद करायचं. परत कुणी दार लावून घेतलं आणि नवरा घरात नसला तर? बोका म्हणतो, बंद व्हायच्या आत तिची जुनी उत्तरं जमतील तेवढी उतरवून घेऊ. सगळी नाही जमणार. ज्या लोकांनी तिच्याशी भांडून तिला हसवलं, त्यांची वाक्यं तर जातीलच. जाऊ देत. तुझीही संमती लागेल.

पण संमतीसाठी दोन ओळी पुरल्या असत्या. हे सगळं लिहायला बसलो ते परवा वाचलेल्या एका प्रश्नामुळे. विचारणारीचं नाव भलतंच होतं. लिहिलं होतं, राखाडी लोकरीची शाल आहे, काठाला खोकल्याच्या औषधाचा डाग पडलाय. डाग काढायचाय, पण शालीला जो वास आहे तो जाऊ द्यायचा नाही. जमेल का मावशी? खाली उत्तर होतं पाच पायऱ्यांचं. वास पूर्ण जाईल, शाल नव्यासारखी होईल, आणि हसरा चेहरा. ठमे, ते औषध तिला मीच पाजत होतो, माझाच हात हलला होता, आणि ती शाल दवाखान्यातून तू नेलीस. ते उत्तर कोण लिहितंय हे तुला माहीत होतं की नव्हतं, मी विचारणार नाही. मीही विचारून आलोय. फक्त ती शाल अजून धुतली नसशील तर धुऊ नकोस. उभा जन्म डाग काढण्यात गेला माझा, पण डाग काढून वास ठेवायचा कसा ते मला येत नाही, कुणालाच येत नाही. राहू दे तो डाग. या रविवारी दुकान बंद ठेवून मी तुझ्याकडे येतोय. आलो की ती शाल थोडा वेळ माझ्याजवळ दे. इथले तिचे सगळे कपडे मी ती गेली त्याच आठवड्यात धुऊन, इस्त्री करून ठेवले गं. लाँड्रीवाला ना मी, दुसरं काही सुचलंच नाही.

तुझाच,
बाबा