किलोला एकवीस

४ नोव्हेंबर
आजपासून मायलेजची नोंद. नवी सीएनजी पिकअप दारात उभी आहे. जुनी डिझेल गाडी आमचा ड्रायव्हर पुंजा याच्याच गळ्यात मारली आणि त्यालाही मोकळा केला. ॲक्सिलरेटरवर त्याचा पाय फार जड. आता मी स्वतः चालवणार. शोरूमवाला म्हणाला, किलोला एकवीस. मी पंचवीस काढून दाखवीन.

लतिकेचं तुणतुणं चालूच. भरलेली गाडी घाटात डिझेलच ओढते म्हणे. आणि साळूबाईची खेप गेली तर खायचं काय? साळूबाई हरसूलच्या बाजारात तांदूळ घेते आणि शहरात द्वारका चौकातल्या दुकानांना घालते. दर बाजाराला आमचीच गाडी. घर त्या खेपेवर चालतं, कबूल. म्हणून काय बायकोने मला इंजिनं शिकवायची?

७ नोव्हेंबर
ट्रायल. रिकामी गाडी, सपाट रस्ता, वेग तीस. किलोला चोवीस! मागचे सगळे हॉर्न बडवत होते. एक रिक्षावाला शेजारून जाताना आईवरून काहीतरी बोलला. या देशात इंधनाची कदर कुणालाच नाही.

११ नोव्हेंबर, संध्याकाळी
पहिली खेप. गॅसच्या रांगेतच सकाळ गेली. हरसूलला साळूबाई पोत्यांवर बसून वाट बघत होती. येताना घाटात गाडी पहिल्या गिअरवरून हलेना. पायी चालणारा एक म्हातारा आपल्या पुढं गेला, असं साळूबाईने दोनदा सांगितलं. म्हाताऱ्याच्या डोक्यावर तांदूळ नव्हता, हे नाही सांगितलं.
किलोला अकरा. दोष इंजिनाचा नाही, वजनाचा आहे.

१२ नोव्हेंबर
संकल्प: वजन कमी करणे. स्टेपनी, जॅक, पाने, सगळं उतरवलं. गाडी ओढायचा जाड दोर जुन्या गाडीबरोबर पुंजाला फुकट दिला होता, ते किती बरं केलं! डॅशबोर्डवरचा पितळी गणपतीही काढत होतो, लतिकेने हात धरला. अडीनडीला पेट्रोलची एक छोटी टाकी असते, ती रिकामी केली. ज्याचं नियोजन पक्कं त्याला कसली अडनड?
ड्रायव्हर हेही वजनच. आजपासून रात्री फक्त ताक.

१३ नोव्हेंबर
मिसळ. जादा पाव दोन. ताक उद्यापासून.

१८ नोव्हेंबर
साळूबाईला नीट समजावलं, की तुम्ही केबिनमध्ये बसता म्हणजे दीड पोतं जादा बसतं, तर तुम्ही एसटीने या. ती सरळ जाऊन एसटीत बसली. समजूतदार बाई.
किलोला तेरा. प्रगती आहे. साळूबाई मात्र माझ्याआधी द्वारकेला पोचून उभी होती. एसटी डिझेल पिते, पळणारच.

२५ नोव्हेंबर
आज साळूबाई केबिनमध्येच बसली. द्वारकेला नवा दुकानदार होता, दुपारच्या आत माल हवा होता. आपला माल आपण डोळ्यांसमोर ठेवणार म्हणाली. गॅस मी थोडाच भरला होता. प्रेशर कमी, रांग लांब, आणि किलोला एकवीस धरलं तर पुरत होता.
पुरला नाही. घाटाच्या मध्यावर गाडी आचके देऊन बंद पडली. चाकाला दगड साळूबाईने लावला. पेट्रोलवर घ्या म्हणाली. मी बॉनेट उघडलं.
तासाभराने मागून ओळखीचा धूर आला. आमची डिझेल, स्टिअरिंगला पुंजा. हरसूलला सिमेंट टाकून रिकामा परतत होता. तो उतरला. पोती आपल्या गाडीत घेतली, मग तोच जाड दोर काढून माझी गाडी मागे बांधली. साळूबाई त्याच्या केबिनमध्ये चढताना एवढंच बोलली, "भाऊ, तुमची गाडी खाती कमी, खरं हाय. पण जनावर चालतच नसंल तर त्याला चारा कशाला लागंल?"
उरलेला घाट त्या दोराकडे बघत स्टिअरिंग धरून बसलो. डिझेलचा धूर सगळा माझ्या तोंडावर. नवा दुकानदार थांबला नव्हता.
दारात आल्यावर लतिकेने पुंजाला चहाला आत बोलावलं. मला नाही.

२ डिसेंबर
आज बाजार. साळूबाईची खेप आणायला पुंजा पहाटेच गेला. मी ओट्यावर. लाज वाटते, आणि राग येतो, आणि राग कुणावर काढावा ते कळत नाही.
पुंजा दुसरी गाडी घेणार आहे, त्याला ड्रायव्हर लागतो. लतिकेने मला न विचारता माझं नाव टाकलं. मी जाणार नव्हतोच. पण तो धावत येऊन साहेब म्हणेल, असं वाटलं होतं.
आत्ता त्याचा निरोप आला. साहेब माणूस चांगला आहे, पण पाय फार हलका आहे.