तारा आहे, धूळ नाही

धानोरा, मंगळवार, संध्याकाळ

माझ्या ताऱ्याभोवतीची धूळ गेली! याच उबदार धुळीतून पुढे ग्रह घडतील, असं चार वर्षं प्रबंधात लिहितेय. अवरक्त प्रकाशातल्या नव्या निरीक्षणात ती दिसतच नाही. तारा जागेवर, धूळ नाही. दुर्बिणीचीच चूक असणार म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. ते म्हणाले, "दुर्बीण ठीक आहे. मीही दोनदा तपासलं."

आई अंगणात मिरच्या निवडत होती. तिला सांगितलं. मान वर न करता म्हणाली, "धूय आपोआप जास का? कोनी तरी झाडी व्हई."

कोणी तरी झाडली असेल! चार वर्षं नुसती धूळ मोजत बसले. ती झाडणारा ग्रह तिथे आधीच जन्मला असेल तर?