अडीच इंच वर

तीर्थरूप काका,

उताणं पडून साष्टांग नमस्कार घालता येत असेल तर तो स्वीकारावा, कारण हे पत्र मी गाडीखाली पडल्या पडल्या मनात रचलं आणि आता जेवणाच्या टेबलावर बसून उतरवतोय. तुमची तब्येत कशी आहे? गुडघे, पाठ आणि काकूंच्या मते घरातली सगळ्यात ताठ वस्तू, म्हणजे तुमची मान, ठीक असेल अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल. बाबा खुशाल आहेत, डोळे सोडून. गाडी खुशाल आहे, स्टिअरिंग सोडून. पत्र या दोन्हींबद्दल आहे, पण मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुम्ही जाणताच.

आधी डोळे. चष्म्याच्या दुकानात मला बावीस वर्षं झाली, पण बाबांच्या नजरेला आता माझं कुठलंच भिंग पुरत नाही. नजरेचा मधला भाग पुसट होत चाललाय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की वर्षभरात आकडे आणि चेहरे दिसेनासे होतील. (बाबांचे कान इतके तल्लख आहेत की बाजूला घेण्याचा काही उपयोग झाला नाही.) घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "तळ्यावरची पट्टी एकदा बघून यायला पाहिजे." डोंगरातल्या त्या तळ्याची पाणीपातळी बाबांनी एकतीस वर्षं रोज सकाळी वहीत उतरवली आणि पाण्यात उभ्या असलेल्या त्या उंच पट्टीवरचे पांढरे आकडे तुम्ही तरुणपणी रंगवलेत, बाबांनी खालून शिडी धरलेली असताना. त्यातला सात तुम्ही तिरका काढलात, हे मी जन्मल्यापासून ऐकत आलोय.

मी लगेच म्हटलं, या रविवारी जाऊ. बाबा म्हणाले, रस्ता खराब आहे. रस्ता खराब आहेच, शेवटचे चार किलोमीटर नुसते दगड, गाडीचं पोट घासतं. एखाद्या शहाण्या माणसाने भाड्याने दुसरी गाडी पाहिली असती. मी मात्र खिडकीतून ढगांकडे बघत बसलो आणि बघता बघता माझ्या डोक्यात आलं की आपलीच गाडी ढगांच्या दिशेने थोडी सरकवली तर? गाडी उंच करायचं सामान एका खोक्यात मिळतं. उंच स्प्रिंगा, लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि एक कागद, ज्यावरचा माणूस सगळे नटबोल्ट एका हाताने आवळत हसतोय. मी दोन रविवार दोन्ही हातांनी आवळत होतो आणि हसत नव्हतो. पण गाडी अडीच इंच वर गेली.

काका, अडीच इंच म्हणजे फार नव्हे, माझ्या तर्जनीएवढं. पण तेवढ्यावरून आमचा रस्ता वेगळाच दिसतो. कोपऱ्यावरच्या शाळेची भिंत मी आजवर नुसती भिंत म्हणून पाहिली होती, आता तिच्यावरून आतला झोका दिसतो, शाळा सुटल्यावरही हळूहळू हलणारा. शिंप्याच्या दुकानात वरच्या फळीवर एक अर्धवट शिवलेला निळा कोट आहे, तो कुणीतरी न्यायला विसरलंय. मी रोज सावकाश जातो आणि रोज तो कोट तिथेच असतो, आणि मला उगीच बरं वाटतं. (मागची गाडी हॉर्न वाजवते. तिचं बरोबरच आहे.)

एवढ्या उंचीवर बाबांना चढताच येईना, हे आमच्या लक्षात जरा उशिरा आलं. "बाबांसाठी गाडी वर नेलीत आणि बाबा तेवढे खाली ठेवलेत," असं तुमची सूनबाई म्हणाली. आता स्वयंपाकघरातलं स्टूल डिकीत असतं आणि ती वरच्या फळीवरचे डबे टाचा उंचावून काढते, माझ्याकडे बघत.

आता स्टिअरिंग. गोदामांच्या मागचा तो लांब सरळ रस्ता तुम्हाला आठवत असेल. त्यावर गाडी सरळ जात नाही, पण वाकडी जाते असंही म्हणता येत नाही. ती रेंगाळते. जरा डावीकडे काहीतरी आठवल्यासारखी जाते, मग उजवीकडे विसरल्यासारखी. वळण घेतल्यावर चाक आपणहून मध्ये यायला हवं ना, ते येत नाही, वळणातच रमून राहतं आणि त्याला हाताला धरून परत आणावं लागतं. खरं सांगू का, पहिले दोन दिवस मला ते आवडलं. माझं स्वतःचं चालणं असंच आहे. बाबांनी मात्र दाराच्या वरची कडी घट्ट धरून विचारलं, "ही गाडी कुठे चाललीय?" मी म्हटलं, सरळ. "मग आपण कुठे चाललोय?"

मी उपाय केले नाहीत असं समजू नका. चाकांतली हवा चारदा मोजली. व्हील अलाइनमेंट करून आणली, तिथल्या यंत्रातून कागद निघाला, त्यावर पुढच्या चाकांच्या दोन्ही रकान्यांत हिरवी खूण होती. तो कागद समोर ठेवून गाडी तशीच झुलत घरी आली. मग स्टिअरिंगचे हादरे शोषणारा दांडा बदलला, त्याने गाडी पूर्वीइतकीच भरकटते, पण अधिक सभ्यपणे. मग तुमचा नियम आठवला, की गाडी स्वतःच्या पायांवर उभी राहिल्याशिवाय बोल्ट शेवटचे घट्ट आवळायचे नाहीत. मी सगळे बोल्ट चाकं हवेत लोंबकळत असताना आवळले होते. (तुमचे डोळे मिटलेले मला दिसतायत.) ते सैल केले, गाडी खाली घेतली, वजनाला म्हणून सूनबाईला आणि स्टुलावरून बाबांना आत बसवलं, आणि खालून पुन्हा आवळले. बाबांनी वरून विचारलं, "झालं का?" त्यांचा आवाज पत्र्यातून येताना फार लांबून आल्यासारखा वाटला. खड्ड्यांवर होणारी कुरकुर थांबली. रेंगाळणं थांबलं नाही.

बाबांचं निदान एकच, की गाडी डावीकडे ओढते. हे वाक्य तुम्ही पूर्वी ऐकलंय. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही त्यांच्या जुन्या गाडीची चाकं तीनदा जुळवून दिलीत, तीनदा त्यांनी हेच म्हटलं, आणि तिसऱ्यांदा तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "गाडी ओढत नाही दादा, तू ओढतोस." त्यानंतर तुम्ही दोघं एका खोलीत बसलेले मला आठवत नाही. तो विषय मला मुळीच काढायचा नाही (काढला, पण ओघात आला).

गाडीखाली पडलं की मला हल्ली सायकल दिसते. घरामागची गल्ली, दुपारचं ऊन, आणि तुम्ही सीट धरून मागे धावताय. हात सोडून चालव म्हणालात, मी घाबरलो. तेव्हा तुम्ही सायकल थांबवून दाखवलंत की पुढचं चाक धरणारा चिमटा थोडा मागे कललेला असतो, म्हणून चाक आपलं आपण सरळ होतं, "तू फक्त मध्ये लुडबुडू नकोस." मी हात सोडले. गल्लीच्या टोकाला बाबा उभे होते आणि ते मोठे मोठे होत गेले. तुम्ही सीट कधी सोडलीत ते मला अजून माहीत नाही. हे आत्ता का आठवावं, कळत नाही.

तर काका, माझी अक्कल संपली. गाडीच्या पुढच्या अंगाची तुमच्याएवढी जाण कुणाला नाही. रोग काय असावा ते सवडीने कळवा. काकूंना नमस्कार. सूनबाई डबे काढतेय, तिचाही.

तुमचा पुतण्या
(अडीच इंच उंचावरून)

ता. क. गाडी मंगळवारीच दुरुस्त झाली. हे वर लिहायचं राहिलं, म्हणजे मी ते लिहिलं नाही. जुन्या बाजारामागे एक अलाइनमेंटवाली बाई आहे, दिवसाला दहा वाक्यं बोलणारी. तिने गाडीखाली डोकावून त्यातलं एक खर्च केलं, "याचा कॅस्टर कुणी खाल्ला?" कॅस्टर म्हणजे पुढची चाकं ज्या मागच्या कलाने उभी असतात तो, सायकलच्या चिमट्यासारखाच, आणि गाडी उंच केल्यामुळे तो तीन अंशांनी गेला होता. हिरव्या खुणांच्या कागदावर तो रकानाच नव्हता. तिने सांध्यातले दुसरे रबरी बुश बसवून तो परत आणला. अर्ध्या अंशाने भिंग फिरलं तर माणूस पायरी चुकतो, असं मी रोज गिऱ्हाइकांना ऐकवतो. तुम्हाला तर पत्राच्या मध्यावरच कळलं असेल.

ता. क. दुसरा. गाडी परत आल्यावर बाबांना एकदा चालवायची होती. बंद गिरणीच्या रिकाम्या आवारात, चालण्याच्या वेगाने, मी शेजारी हँडब्रेकवर हात ठेवून. जमिनीवर एक पांढरी रेघ आहे. मी चालवली तेव्हा गाडी रेघेवरून गेली. बाबांनी चालवली, डावीकडे गेली. त्यांनी पुन्हा चालवली, पुन्हा डावीकडे. मग इंजिन बंद करून म्हणाले, "त्याला कळवू नकोस." म्हणून मी कळवत नाहीये. मग मी म्हटलं, आता रस्त्याची भीती नाही, गाडी सरळ आहे, रविवारी तळ्यावर जाऊ. तर म्हणाले, स्टूल डगमगतं. तेव्हा माझ्या मंद डोक्यात उजेड पडला की अडचण रस्त्याची नव्हती, गाडीची नव्हती आणि स्टुलाचीही नाही. ते तुमच्याशिवाय तिथे जाणार नाहीत आणि तसं म्हणणारही नाहीत. तर काका, खरी विनंती ही. स्टिअरिंग बघायला म्हणून या. ते पुन्हा बिघडलंय असं मी घरात सांगून ठेवतो. मला तुमची फार आठवण येते, हेही याच निमित्ताने.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरातला. पाकिटाला गोंद लावायला याने माझ्याकडे दिलं, म्हणून भिंग घेऊन वाचलं. दोन तास लागले, फार पाल्हाळ लावतो. गाडी ठीक आहे. डावीकडे मीच ओढतो. आणि तो सात तिरका आला तो शिडी हलली म्हणून. शिडी मी धरली होती. लवकर ये, अजून आकडे वाचता येतायत.