रेमीच लिहा

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज दुपारी मी वर्णद्वेषी ठरले. निकाल माझ्या मुलीने फोनवरून दिला. अपील नाही.

झालं ते एवढंच — आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं ऑपरेशन होऊन आज पाच दिवस झाले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मेंढरामागे पळताना पडले, खुबा मोडला, सांगोल्याहून इथे सोलापूरला आणलं. दुपारी चहा घेऊन वर गेले तर एक नर्स त्यांच्यावर ओरडत होती. बोट रोखून! माझ्या बापावर उभ्या जन्मात माझी आईही ओरडली नाही. (निदान आमच्यासमोर.) मी पाय आपटत मेट्रनबाईंकडे. गंगम्मा बाई, अक्कलकोटकडच्या, शिस्तीच्या. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, कोणती? रेमी की पुई?

या मजल्यावर मिझोरामच्या दोघी आहेत. मी हसले. म्हणाले, "ते मला काय विचारता बाई? मला तर त्या सगळ्या सारख्याच दिसतात. रेमीच लिहा."

लक्षात तेवढं एकच नाव होतं. मेट्रनबाईंनी लिहिलं, मी सही केली. मागे वळले तर दारात ट्रे घेऊन त्यांच्यातली एक उभी. कोणती, ते विचारू नये.

प्रियदर्शनीला गंमत म्हणून सांगितलं. ती पुण्याला कायदा शिकायला गेल्यापासून आमच्या घरात गंमत उरलेली नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, हे रेसिस्ट होतं." मी म्हटलं, अगं, माझ्या मनात तसं काही नव्हतं. तर म्हणे, "तुझ्या मनातलं तिला कसं दिसणार? तिला ऐकू आलं तेवढंच."

आणि हिची फी आपणच भरतो!

१२ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या मनात तसं काही नव्हतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज आरोपीच्या वतीने पुरावे.

एक — रविवारच्या पुरवणीत गेली सहा वर्षं मी माणुसकीवर लिहिते. दर पंधरा दिवसांनी. नऊशे शब्द. दोन — आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी शिवबाई माझ्याच कपात चहा पिते. (हे लिहिलं आणि वाटलं, हा पुरावा नक्की कोणाच्या बाजूचा?) तीन — रेमी आज आप्पांचं ड्रेसिंग करायला आली तेव्हा मी तिला थँक्यू म्हटलं. दोनदा. दुसऱ्यांदा इतक्या मोठ्याने की शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही "वेलकम" म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आप्पांना मात्र मराठीत म्हणाली, "बाबा, लई पाणी प्या." लई! पाच-सात दिवसांत आप्पांनी तिला सांगोल्याची करून टाकली आहे. मी तेवढ्याच दिवसांत तिचा चेहरा पाठ करू शकले नाही. पण माझ्या मनात काही नव्हतं, हे महत्त्वाचं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रियाचा परत फोन. मी विचारलं, हेतूला काही किंमतच नाही का तुमच्या कायद्यात? आहे म्हणाली. चुकून कुणाला गाडीखाली आणलंस तर शिक्षा कमी होते. "पण आई, त्याचा पाय तर मोडलेलाच असतो ना?"

पोरगी वकील होणार. तिच्या होणाऱ्या नवऱ्याची काळजी वाटते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कपाट आवरताना ती शाल सापडली. पुरस्काराची. 'वास' नावाच्या लेखाला मिळालेली. शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांचं पाऊण तास भाषण.

लेख कशावर होता? आठवीत मला सोलापूरच्या वसतिगृहात घातलं, तेव्हाच्या एका वाक्यावर. रेक्टरबाई माझी वेणी घालत होत्या. हसून म्हणाल्या, "विजयमालाच्या केसांना अजून लेंड्यांचा वास येतो गं." सगळ्या मुली हसल्या. बाईंनी प्रेमाने गालाला हात लावला आणि वासाचा साबणही दिला. मी तो साबण वर्षभर वापरला नाही आणि घरी गेल्यावर मेंढरांजवळ जाणं सोडलं. आप्पांनी कारण विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांच्या हातून पाणी घेताना मी श्वास धरायचे, हे मात्र लेखात घातलं नाही. तेवढं लिहायचं धैर्य नव्हतं.

आज तेहेतीस वर्षं झाली. बाई वाईट नव्हत्या. वेणी कोण घालतं दुसऱ्याच्या पोरीची? त्यांच्या मनात काही नसणार. पण माझ्या लेखात त्यांच्या मनाबद्दल एक ओळ नाही! नऊशे शब्दांत जागा झाली नाही म्हणे. बाईंना मी कधी विचारलंही नाही. हेतू वगैरे फक्त माझ्या वाक्यांना असतो असं दिसतंय. इतरांची वाक्यं नुसतीच लागतात.

शाल परत घडी घालून ठेवली. कसर लागली आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आप्पांनी आज विचारलं, रेमीला खाली का धाडली?

मी म्हटलं, कुठे? गुरुवारीच तर तिने ड्रेसिंग केलं. "ती पुई," आप्पा म्हणाले. "रेमी बुधवारपासनं खालच्या वार्डात हाय. कुणीतरी तक्रार केली."

मग सगळं एकेक करून बाहेर आलं. मंगळवारी ओरडली ती पुई. का ओरडली? तर आप्पा कुणाला न विचारता खाटेवरून उतरायला लागले होते, एक पाय खाली सोडला होता. "वरडली म्हणून वाचलो. न्हाईतर दुसरा खुबा बी गेला असता." आणि पुई त्याच दिवशी मेट्रनबाईंकडे गेली होती — ओरडले ती मी, रेमी नव्हे, हे सांगायला. बाई म्हणाल्या, नातेवाइकाची सही रेमीच्या नावावर आहे. नातेवाइकानेच लेखी माघार घ्यावी.

म्हणजे चुकीच्या माणसावर, चुकीच्या गोष्टीची, पक्की तक्रार. एका वाक्यात इतकं काम मला एरवी जमत नाही.

आप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "विजे, तू सात वर्षांची असताना कोकरं लावायचीस की."

लावायचे. दिवसभर मेंढरं रानात आणि कोकरं मागे जाळीत कोंडलेली. संध्याकाळी कळप आला की एकच कालवा, आणि त्यात आम्ही पोरांनी एकेक कोकरू उचलून ज्याच्या त्याच्या आईला लावायचं. चुकलं तर मेंढी धडक मारून कोकरू झुगारते, ते रात्रभर उपाशी राहतं. साठ-सत्तर कोकरं असायची. परक्या माणसाला सगळी सारखीच — काळी, लोंबत्या कानांची. मी कधी चुकले नाही. कशी ओळखायचे? काही युक्ती नव्हती. बघायचे.

"शंभरात एखादी मेंढी असती," आप्पा म्हणाले, "परक्या कोकराला बी पाजती. पर तिच्यावर इसंबून ऱ्हायचं नसतं. आपुन नीट बघायचं."

(नर्सची तुलना मेंढराशी. हे प्रियाला सांगायचं नाही.)

१७ फेब्रुवारी, सोमवार

मेट्रनबाईंना भेटले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. रेमीची नेमणूक कंत्राटी आहे, महिनाअखेर संपते. पुढे कोणाला ठेवायचं त्याची यादी वीस तारखेला वर जाते. तक्रार असलेलं नाव सहसा राहत नाही. "तुम्ही तर लेखिका," म्हणाल्या. "दोन ओळी खरडून द्या की आत्ता. कागद देते."

दोन ओळी? खरडून? मी म्हटलं, घरून नीट लिहून आणते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला मसुदा 'माझा हेतू' या शब्दांनी सुरू झाला. फाडला. दुसरा 'माझ्या मनात' या शब्दांनी. तिसऱ्यात 'अनवधानाने' की 'गैरसमजातून' यावर दीड तास गेला. चौथा छान झाला — त्यात माझं बालपण आलं, वसतिगृह आलं, केसांचा वास आला. अडीच पानं. शेवटच्या परिच्छेदात माझेच डोळे भरून आले. मग लक्षात आलं, रेमी आलीच नाही.

सही करायला मंगळवारी किती वेळ लागला होता? मेट्रनबाईंचं पेन चालत नव्हतं तेवढाच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पत्र तयार. चार ओळी. 'ओरडणाऱ्या परिचारिका रेमी नव्हत्या. ओरडणं योग्य होतं. मी चेहरा न पाहता नाव दिलं. तक्रार मागे घेते.' एवढंच. हे सोमवारी त्यांच्या टेबलावर लिहिता आलं असतं.

घेऊन गेले तर ऑफिसला कुलूप. आज शिवजयंती! रस्त्यावर मिरवणूक, ढोल. मी पत्र छातीशी धरून फुटपाथवर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पत्र दिलं. सव्वाबारा वाजता. यादी अकराला वर गेली होती. मेट्रनबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "बघते."

बघते म्हणजे होणारच. बाई शिस्तीच्या आहेत. मला हलकं वाटतंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या आप्पांना घरी सोडणार. रेमीला काहीतरी द्यावं म्हणून दुपारी चादर आणायला गेले. निवडायला दीड तास. मोराची भडक वाटली, जांभळी उदास वाटली. शेवटी हिरवी घेतली, पांढऱ्या काठाची. मिझोराममध्ये थंडी असते म्हणतात. तिथलं मला माहीत असलेलं एवढंच.

परत आले तर आप्पांच्या उशाशी एक संत्रं. कोणी दिलं विचारलं. "पोरीनं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. दुखत असेल. मी जास्त विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मी माफी मागितली!

आप्पांना खाली गाडीत बसवलं, बिरुदेव — माझा भाऊ — सामान भरत होता. मी चादर घेऊन वर पळत गेले. लिफ्टपाशी रेमी उभी. आपल्याच मजल्यावर! म्हणजे पत्र पोचलं, तिला परत वर घेतलं तर. गळ्यातलं ओळखपत्र उलटं फिरलं होतं, पण आता मला त्याची गरज नव्हती. नीट पाहिलं तिच्याकडे. उजव्या भुवईत एक बारीक व्रण आहे. अकरा दिवसांत पहिल्यांदा दिसला.

काहीच पाठ करून गेले नव्हते. म्हटलं, तुझ्याबद्दल मी जे बोलले ते वाईट होतं. मनात काय होतं ते सांगत नाही, कारण मनात काहीच नव्हतं. तुझ्याकडे पाहिलंच नव्हतं. हिंदी, मराठी सगळं एकत्र झालं. रडले. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, खाली दारापर्यंत आवाज गेला असेल. ती हलली नाही. पाठीवर हात ठेवून उभी राहिली. दोनदा काहीतरी बोलायला गेली, मी बोलू दिलं नाही — म्हटलं, आज तू ऐक. चादर तिच्या हातात दिली. तिने ती छातीशी धरली आणि हळूच म्हणाली, "मैं बोल दूँगी, मॅडम."

कोणाला बोलणार ते कळलं नाही. मेट्रनबाईंना बहुतेक — मनात काही राहिलं नाही म्हणून.

खाली येताना पायऱ्यांवर जाणवलं, यावर एक चांगला लेख होईल. नऊशे शब्द. लगेच स्वतःची लाज वाटली. पण सुरुवात सुचलेली आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आप्पांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारत विचारलं, "काल पुईच्या गळ्यात पडून येवढी कशापायी रडलीस? बिरुदेव पिशवी आणाय वर आलता, त्यानं बघितलं."

मी म्हटलं, पुईच्या नाही, रेमीच्या.

"रेमी परवाच गेली की गावाकडं. काम सुटलं तिचं, उरल्या दिवसांची रजा टाकून गेली. संत्रं देऊन गेली न्हाय का? तू चादर आणाय गेलतीस." बशी खाली ठेवली. "कोकरू दुसऱ्याच मेंढीला लावलंस, विजे."

मग म्हणाले, "तरी बी पाजलं तिनं."