डाव्या बाजूची शिवण

४ नोव्हेंबर
आजपासून दादरच्या ब्लाउजच्या दुकानात नोकरी! मालकीण रमाबाईंनी पहिल्याच दिवशी हातात टेप दिली, म्हणजे कुडाळची पोर अगदीच बिनकामाची नाही. दुकान एवढंसं, पण ट्रायल रूममध्ये मोठा आरसा आणि पंखासुद्धा. पहिलं गिऱ्हाईक फणसवाडीच्या कालिंदीताई कोठारे. लेकीचं, उर्वीचं, डिसेंबरात लग्न, त्यासाठी पैठणीवरचा ब्लाउज. नवरीपेक्षा आईचाच थाट जास्त, असं चिडवलं तर खळखळून हसल्या. माप घेताना डाव्या छातीची कातडी वेगळी दिसली. जाडसर, बारीक खळगे पडलेली, संत्र्याच्या सालीसारखी. घामाचं काहीतरी असेल. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी माप लिहून घेतलं.

१४ नोव्हेंबर
कालिंदीताईंची ट्रायल. उजवी बाजू चोख, डावी घट्ट. माझंच माप चुकलं म्हणून ओशाळले, अर्धा इंच उसवून दिलं. कातडी आता लालसर, हाताला गरम लागते. रमाबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "माप घेवचा, तोंड उघडूचा नाय." गिऱ्हाईक लाजलं की परत येत नाही म्हणे. पटलं नाही, पण मी नवीन. गप्प बसले.

२५ नोव्हेंबर
पुन्हा डावीच घट्ट. म्हणजे माप चुकलं नव्हतं. छातीचं बोंड आत ओढलं गेलंय. दुखतं का विचारलं. नाही म्हणाल्या, गाठही नाही, नव्या साबणाची अ‍ॅलर्जी असेल. आणखी अर्धा इंच सोडला. खोलीवर येऊन मोबाईलवर शोधलं. संत्र्याची साल, तेच शब्द. कॅन्सर. गाठ नसली तरी.

२६ नोव्हेंबर
मशीनवर बसले की तीच कातडी दिसते. दोनदा फोन घेतला, ठेवला. लग्नघर. मी कोण सांगणारी —

३ डिसेंबर
उसवायला कापडच उरलं नाही. त्या म्हणाल्या, तुकडा जोड, पदराखाली झाकेल. मी कात्री खाली ठेवली. बोलले. सगळं. रमाबाई ओरडल्या. ओरडू देत.

४ डिसेंबर
परळचं इस्पितळ. नंबर लावून बसलोय. कालिंदीताईंचा हात गार. रडत नाहीत. म्हणाल्या, मलाही भीती वाटलेली गं. पण तू पहिल्याच दिवशी पाहिलंस आणि गप्प राहिलीस. वाईट असतं तर बोलली असतीस ना? म्हणून मी निर्धास्त —

एक महिना. मी टेप धरून —

नाव पुकारलं. हात सोडत नाहीत. आत चल म्हणतात. मी कशी —