आतून लावलेली कडी

सौंसर,
शनिवार, ७ डिसेंबर २०२४

प्रिय दिपाली,

घरात सगळ्यांना माझा नमस्कार. ऋतुजाचा खोकला थांबला का? तिला गोड पापा.

फोनच करणार होते. पण तू बोलायला लागलीस की सासूबाईंना नेमकं तिथंच बसून भाजी निवडायची असते, म्हणून हे पत्र. स्मिता पांढुर्ण्याला येतेय, तिच्याजवळ देते. तिच्यासमोर उघडू नकोस. संत्र्यांची पिशवीही आहे, आईनं निवडून ठेवली आहेत.

मी सध्या घरीच आहे. उजवा हात मुरगळलाय, अक्षराला हसू नकोस. आईला सांगितलंय की स्कूटीवरून पडले. स्कूटी अंगणात उभी आहे, तिला साधा ओरखडाही नाही. आई ती रोज पुसते आणि मला काही विचारत नाही.

तर, माझे पेशंट, बोरगावचे यशवंतराव. लकव्यानं पडलेले, पाठीला जखमा, लघवीची नळी. त्या दिवशी नळी बदलायची होती. त्यांच्या बायकोला, वच्छलाकाकूंना, बाहेर पाठवलं आणि नेहमीसारखी मीच आतून कडी लावली. सुनांच्या नजरेला सासऱ्याचं उघडं अंग पडू नये, म्हणून आपण सगळ्याजणी लावतो. कुणी शिकवलेलं नाही. म्हाताऱ्या माणसाची लाज राखायची एवढंच डोक्यात असतं. आपण कुणाबरोबर कोंडून घेतोय, हे डोक्यात येतच नाही.

त्यांना कुशीवर वळवायला मुलगा वीरेंद्र आत होता. तोंडाला दारूचा वास होता. नळी सरकवताना यशवंतराव कण्हले, तसा तो ओरडला, "बाबाले मारून राहिली का तू?"

"दादा, थोडं दुखतेच. झालंच आता," मी म्हटलं.

पुढचं लिहायला नको वाटतं, पण तुला लिहायलाच हवं. त्यानं कानाखाली मारली. मी दाराकडे धावले, तर कडीवरचा हात धरून पिरगळला आणि डोकं भिंतीवर आपटलं. बाहेरून काकू दार वाजवत होत्या. यशवंतराव चालता हात हलवत रडत होते. शेवटी तो दमला आणि त्यानंच कडी काढली.

काकूंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "कडी त तुमीच लावली होती ना बाई? मंग आमी कसं येनार?"

ऑफिसात, आपल्याला घरोघरी पाठवणाऱ्या मंगेशभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "दुखन्याच्या घरी मानूस चिडते, सिस्टर. कायले वाढवता? अन् बंद खोलीत होत्या तुमी, लोक भलतंच समजतीन." वर म्हणाले, "सोमवारपासून दिपाली सिस्टरले पाठवतो. त्यायले ते घर मालूम आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्याआधी ते घर तुझ्याकडे होतं. बस जुळत नाही म्हणून सोडलंस, असं म्हणाली होतीस. त्याहून आडबाजूच्या घरी तर तू हसत जायचीस. आणि त्या भर मे महिन्यात तू पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालत होतीस. मी चिडवलंसुद्धा तुला, नव्या नवरीसारखी अंग झाकतेस म्हणून.

तू तेव्हा सांगितलं असतंस तर... नाही, हे वाक्य मी पुरं करत नाही. मीही आईला स्कूटीच सांगितली.

मला भीती वाटते, दिपाली. कुणी दार लोटलं तरी मी उठून भिंतीशी जाऊन उभी राहते. त्यात त्या म्हाताऱ्याची नळी आता कोण बदलणार, याचीही काळजी वाटते आणि मग स्वतःचाच राग येतो. त्यांना दवाखान्यात न्यायला मंगेशभाऊंना बजावून सांगितलंय. पण तू तिथं जाऊ नकोस.

सोमवारी सकाळी मी सौंसरच्या ठाण्यात तक्रार द्यायला जाणार आहे. मी एकटी असले तर ते कडी कुणी लावली तेच विचारत बसतील. आपण दोघी असलो तर वीरेंद्रबद्दल विचारावं लागेल. तुला सासर आहे, घरी काय होईल ते मला दिसतं. तू आली नाहीस तरी मी जाईन आणि तुझं नाव तोंडातून काढणार नाही, आईशपथ. पण पांढुर्ण्याची पहिली बस येईपर्यंत स्टँडवर थांबेन.

तुझ्यानंतर त्या खोलीत गेलेली,
तुझी प्रणाली